चौदा नंबरचा कागद

"काकू, पुढेपण आहेत," मुलगी म्हणाली.

बाई पहिल्याच चित्रासमोर दहा मिनिटं उभ्या होत्या. मुलीला वाटलं, परीक्षक असाव्यात. तिने नाकावरचा कोळसा बाहीने पुसला. तो आणखीच पसरला.

"सगळी एकाच माणसाची आहेत?" बाईंनी विचारलं.

"हो. एकवीस जणांनी काढलेला एकच म्हातारा. मधे मॉडेल, भोवती अर्धगोलात आमची ईझलं. जो जिथे बसला, त्याच क्रमाने चित्रं लावलीत. भिंतीच्या कडेने चालत गेलं की आजोबांभोवती चक्कर मारल्यासारखं होतं."

"आम्हीही असेच बसायचो. ईझलच्या पायावर नंबर रंगवलेला असायचा."

"अय्या, तुम्ही इथल्याच विद्यार्थिनी? नंबर अजून तेच आहेत. रंग उडालाय नुसता."

"इथली म्हणजे, वर्षसुद्धा पुरं केलं नाही. सव्वीस वर्षं झाली त्याला. घरात आवराआवरी करताना प्रदर्शनाचं कार्ड हाती लागलं, म्हणून आले."

दोघी चालू लागल्या. प्रत्येक चित्राखाली कागदाची पट्टी होती. तिच्यावर कोळशाने नंबर आणि शीर्षक. 'बसलेला माणूस'. 'स्वेटर घातलेले गृहस्थ'. 'गुडघेदुखी'.

"हे नाव आजोबांनीच सुचवलं," मुलगी हसली.

"बोलके होते?"

"बसले की पुतळा. पण चहाच्या सुट्टीत एकेकाचा समाचार घ्यायचे. माझ्यापाशी येऊन म्हणाले, 'पोरी, हे नाक आहे की बूट?'"

"मग?"

"मग पुसलं. खरंच बूट होता."

बाई पुढच्या चित्रावर वाकल्या. "कोपरावरचं रफू छान आलंय. टाके मोजता येतील."

"ते माझंच! आजोबांनी बजावलं होतं, नाक बिघडलं तरी चालेल, रफू नीट काढ."

बाई आणखी वाकून ते टाके मोजू लागल्या.

"तुम्ही का सोडलंत, काकू?"

"वडिलांनी काढून नेलं. वर्ग चालू असताना आले. माझ्या ईझलवरचा कागद स्वतः उतरवला, गुंडाळला आणि 'चल' म्हणाले. अजून कोराच होता तो. परक्या म्हाताऱ्यांची तोंडं काढून कुणाचं भलं झालंय, म्हणाले. मग मी टायपिंग शिकले, कचेरीत लागले."

"बापरे. भांडला नाहीत?"

"भांडले असते तर बरं झालं असतं. पुढे एकदा विचारलं, बाबा, चुकलं असं वाटतं का हो कधी? पेपर वाचत होते. पान उलटलं." बाईंनी पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला. "ते होते तोवर तेवढं एक कळायला हवं होतं. बाकी तक्रार नाही. पगार वेळेवर होतो, खुर्ची खिडकीपाशी आहे."

"चित्र काढता अजून?"

"किराणा मालाच्या यादीच्या मागे. कुणी बघत नसलं तर."

आठवं, नववं, दहावं चित्र. बाई थांबल्या. चार पावलं मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या.

"हे कुणाकडेच बघत नाहीयेत."

"आलं ना लक्षात? आम्हाला चित्रं टांगल्यावर कळलं. पहिल्यापासून आलात तर नजर एका बाजूला. शेवटून आलात तर दुसऱ्या बाजूला. सगळ्यांच्या मधे कुठेतरी बघतात."

"कुठे?"

"इथे."

तेराव्या आणि पंधराव्या चित्राच्या मधे एक कोरा कागद टांगला होता. खालच्या पट्टीवर नुसतं 'चौदा'. शीर्षकाची जागा रिकामी.

"आजोबांची अट होती," मुलगी म्हणाली. "चौदा नंबरवर कागद लावायचा आणि तिथे कुणी बसायचं नाही. आमच्यातला एक मुद्दाम बसला, तर हे सरळ उठून निघाले! सर जिन्यापर्यंत धावले मागे. शेवटी सर म्हणाले, वर्गात ती जागा होती, तर भिंतीवरही राहू दे."

"कारण नाही विचारलंत?"

"शंभरदा. एकच उत्तर. 'तिथे बसणारी यायची आहे. उशीर होतोय, पण तिची चूक नाही त्यात.'"

खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. तो आवाज थांबेपर्यंत बाई कागदाकडे बघत राहिल्या.

"आता कुठे असतात?"

"तीन आठवडे झाले, फिरकलेच नाहीत. सर रोज विचारतात. तीन वर्षं यायचे, पण पत्ता घ्यायचं कुणालाच सुचलं नाही. पहिलं कार्ड मात्र त्यांनाच दिलं होतं. आज येतील असं वाटतंय मला. आले की माझं नाक दाखवायचंय."

"नाक चांगलं झालंय," बाई म्हणाल्या. "अगदी तसंच." मग त्यांनी हात पुढे केला. "कोळसा आहे?"

मुलीने ॲप्रनच्या खिशातून एक तुकडा काढून दिला. लगेच तिचा चेहरा उतरला. "काकू, त्या कागदावर नको हं. आजोबा आले तर मला फाडून खातील."

बाईंनी कागदाला हात लावला नाही. त्या खाली वाकल्या. चौदाच्या पुढे, शीर्षकाच्या रिकाम्या जागेत, कचेरीतल्या नेटक्या अक्षरात त्यांनी लिहिलं, 'बाबा'.