वीस की चाळीस

तो माणूस आजही शाळेच्या फाटकासमोर उभा होता.

मंदाकिनीबाईंनी ओवीचा हात घट्ट धरला. वारज्यातली ही शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. एरवी त्या नातीला फाटकाशीच सोडत. गेले काही दिवस मात्र थेट वर्गाच्या दारापर्यंत नेत होत्या. शिपायाने हटकलं तेव्हा त्यांनी गुडघे दुखतात, फाटकाशी उभं राहवत नाही, असं काहीतरी सांगितलं.

"गुडघेदुखीवर जास्त चालणं, हा नवीन उपाय दिसतो," शिपाई म्हणाला.

फोन आला तेव्हापासून हे असं चाललं होतं. मंदाकिनीबाई आगाशे निवृत्त मत्स्यशास्त्रज्ञ. एका हंगामात समुद्रातून किती बांगडा काढू द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीच्या अध्यक्ष. गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरलेली मासळीच जाळ्यांत ओढली जात होती, मग पिल्लं यायची कुठून? बाईंचा आकडा पक्का होता. वीस हजार टन, आणि तो लहान होड्यांसकट प्रत्येक बोटीला वाटून दिलेला. मोठ्या बोटींच्या मालकांना चाळीस हवे होते.

फोनवरचा आवाज अदबशीर होता. "आपली ओवी फार गोड आहे. दोन वेण्या शोभतात तिला. आकडा चाळीस ठेवा, बाई. आणि पोलिसांना उगीच त्रास देऊ नका."

दुसऱ्याच दिवशी फाटकासमोर तो उभा राहिला. उन्हाने रापलेला चेहरा, चौकड्याचा शर्ट. कधी हा, कधी याच्याच वळणाचा दुसरा. बोलत नसे, जवळ येत नसे. नुसता रस्ता न्याहाळत राही.

मुलगा आणि सून सकाळीच हडपसरला कामावर जात. त्यांना सांगितलं तर ते तडक पोलीस चौकी गाठतील, म्हणून बाईंनी तोंड उघडलं नाही. ओवीला शाळेतच पाठवायचं नाही, असंही त्यांनी करून पाहिलं. सुनेने कारण विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा पाठवावं लागलं.

परवा एक काळी गाडी फाटकाशी येऊन थांबली होती. चौकड्याचा शर्ट चालत गेला, खिडकीशी वाकून काही बोलला. गाडी निघून गेली. गाडीही यांचीच, बाईंच्या मनात आलं.

आज समितीची बैठक होती. ओवीला वर्गात बसवून त्या रिक्षाने निघाल्या. वाटेत वीस हजारांची सगळी कारणं मनात घोळवली. एकही खोटं नव्हतं. मग सभागृहात कोणीतरी आकडा विचारला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे दोन वेण्या आल्या.

"चाळीस," त्या म्हणाल्या.

शेजारच्या सदस्याने चकित होऊन पाहिलं. अहवालात तर आपण वीस सुचवले होते, असं तो हळूच म्हणाला. नव्याने विचार केला, एवढंच बाई बोलल्या. सही झाली. निर्णय वाचून दाखवला गेला. पुढच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली.

परतताना वाहतूक तुंबली. बाई पोहोचल्या तोवर शाळा सुटून गेली होती. फाटक रिकामं. आणि रस्त्याच्या कडेला, त्या माणसाच्या शेजारी, ओवी उभी.

बाई धावल्या, नातीला ओढून पोटाशी धरलं. मागितलंत ते केलं, आता हिला सोडा, असं त्या म्हणणारच होत्या.

"आजी, काकांनी मला एकटीला रस्ता ओलांडू दिला नाही," ओवी म्हणाली.

त्या माणसाने हात जोडले.

"बाई, भिऊ नका. आम्ही हर्णैचे, लहान होड्यांवाले. तुम्हाला धमकावल्याची कुणकुण बंदरावर लागली. पोरीच्या केसाला धक्का लागू नये म्हणून आळीपाळीने इथं उभे राहतोय. परवा त्यांची ती काळी गाडीही आम्हीच परतवली." तो पहिल्यांदाच हसला. "आता सांगा, वीसच ठरलं ना?"