समोरच्याची जोडणी

"तुझे कोळी दिवसभर फोन कानाला लावून बसणार का?" सिन्ने हसत म्हणाली. "काम पडलं की लावावा, बोलावं, ठेवून द्यावा."

"आणि तोवर भाव पडला तर?" एलिफने विचारलं. "लिलाव आहे हा, बाई. तुझ्यासाठी थांबत नाही."

नॉर्वेतल्या ओलेसुंड बंदरातल्या मासळीच्या लिलावाचे भाव बोटीवरच्या फोनवर दाखवणारं ॲप बनवायचं होतं. एलिफ म्हणे, फोनची सर्व्हरशी जोडणी कायम उघडी ठेवू. सिन्ने म्हणे, लागेल तेव्हाच उघडू, नाहीतर भर समुद्रात बॅटरी मान टाकेल.

कंपनीचा मालक गाउते वॉफलवर तपकिरी चीज ठेवत दोघांचं ऐकत होता.

"आपल्या रीतीने करू," तो म्हणाला. "एलिफ, तू सिन्नेचं बनव. सिन्ने, तू एलिफचं. दोन्ही ॲप वेगवेगळ्या बोटींवर चालवू. मग टीमचा प्रमुख कोण, ते सांगतो."

तिथली रीतच होती ती. वाद झाला की समोरच्याचं म्हणणं आपल्या हाताने उभं करायचं.

प्रमुखपदाची एलिफ कित्येक वर्षं वाट पाहत होता. आणि ही काल आलेली पोरगी! तिच्या फुटकळ विनोदांवरही गाउते खो-खो हसायचा. एलिफच्या विनोदांवर तो कधी हसला नव्हता. एलिफचा नुसता जळफळाट व्हायचा.

सिन्ने मात्र प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडत होती. "डोंगराआड जोडणी तुटली तर काय करायचं रे?"

"तुझं काम, तू बघ."

"तुझ्याच पद्धतीचं भलं करतेय, खडूस!"

तिच्या पद्धतीचं ॲप बनवताना एलिफने हात आखडता घेतला. जोडणी उघडण्याआधी एक बारीकसा थांबा ठेवला. पहिल्या खेपेला जमलं नाही, तर ॲप पुन्हा प्रयत्न न करता मुकाट जुनेच भाव दाखवत राही. कुणी चूक म्हणावी असं त्यात काहीच नव्हतं.

बोटी निघाल्या आणि ओडवार नावाच्या कोळ्याचा फोन आला. "हे भाव आजचे आहेत का गेल्या नाताळातले? माझा कॉड मासा मातीमोल गेला!" त्याच्याकडे सिन्नेच्या पद्धतीचं ॲप होतं. एलिफला क्षणभर वाईट वाटलं. मग बरंच वाटलं.

कायम जोडणीच्या बोटींवरून एकही तक्रार आली नाही. बॅटरीसुद्धा संध्याकाळपर्यंत पुरली. ती कशी पुरली, हे एलिफने विचारलं नाही.

शुक्रवारी सगळे जमले.

"जोडणी कायम उघडी राहील," गाउते म्हणाला. "एलिफ, तुझंच खरं."

पहिली टाळी सिन्नेने वाजवली. एलिफला प्रथमच तिची कीव आली. तिच्याबद्दलही एखादा बरा शब्द बोलावा, असं ठरवून तो उठला.

"बस रे, माझं संपलं नाही अजून," गाउते म्हणाला. "मतं काय, सगळ्यांकडेच असतात. न पटलेलं काम कोण कसं करतं, ते मला बघायचं होतं. सिन्ने, सोमवारपासून टीम तुझी."