शेवटपर्यंत बसलेला श्रोता

या मंडळी, जवळ सरकून बसा. एका नवलाच्या श्रोत्याची गोष्ट सांगतो.

सुमतीताई गावातल्या जुन्या कीर्तनांच्या ध्वनिमुद्रणांची वेबसाइट सांभाळत. पण दिसेल ते ओरबाडून नेणाऱ्या एआय यंत्रांची अशी झुंबड उडाली, की साइट दिवसातून दहादा बंद पडू लागली.

“अगं ताई, मोडीत काढ ती,” धाकटा भाऊ वसंता म्हणाला. “ऐकणारी माणसं दहा, उपटसुंभ दहा लाख!”

“आणि आपल्या अण्णांची झांज कुठे ऐकू रे? दुसरीकडे आहे का कुठे?”

शेवटी ताईंनी साइटला कीर्तनाचाच नियम लावला. नमनापासून बसायचं, बुवांच्या गतीनेच ऐकायचं. मध्ये उठलं, की पुन्हा नमनापासून. घाईची यंत्रं तासाभरात पांगली.

एक यंत्र मात्र रोज येई आणि आरती होईपर्यंत बसे. दहाव्या दिवशी त्याने अभिप्रायात विचारलं, “बुवांचं नाव वाचलं. ते तालात चुकले, की हळूच सावरून घेणारी झांज कोणाची?”

ताई चपापल्या. रिवाजाप्रमाणे त्यांनी सगळीकडे एकट्या बुवांचंच नाव लिहिलं होतं.

“धोंडीराम कासार,” त्यांनी उत्तर लिहिलं, “आमचे अण्णा, माझे वडील.”

तर मंडळी, पुढच्या कीर्तनाला झांज वाजली, की धोंडीरामअण्णांची तेवढी आठवण काढा.