टेलिफोनचा चौकीदार

रविंद्रने काळ्या फोनचा रिसिव्हर उचलला आणि बाहेर पायरीवर बसलेले बाबनराव ताडकन उठले.

"बसून राहा गा," भैय्याजी आतून ओरडले. "तुमच्या कामाचं काही नाही."

बैठकीतले लोक हसले.

नागपुरात सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत फोन एकच, भैय्याजी कंत्राटदारांचा. सगळ्यांनी नातेवाइकांना तोच नंबर देऊन ठेवला होता. कोणाचा फोन आला की भैय्याजी खिडकीतून हाक मारत आणि उपकार केल्यासारखं तोंड करत. बायको गेल्यापासून बाबनराव रोज दुपारी त्या पायरीवर येऊन बसत. मधूनच उठून खिडकीतून फोनकडे बघत आणि पुन्हा बसत. बोलत काहीच नसत. गल्लीने त्यांना टेलिफोनचा चौकीदार म्हणायला सुरुवात केली होती.

आज भैय्याजींकडे दोन साहेब आले होते. मोठं कंत्राट त्यांच्या हातात होतं. त्यांच्यावर छाप पडावी म्हणून भैय्याजींनी भाच्याला, रविंद्रला, कॉम्प्युटर घेऊन मुंबईहून बोलावलं होतं. सत्त्याऐंशी साली गल्लीत तो कोणी पाहिला नव्हता. शेजारी एक पेटी होती. तिला दोन रबरी वाट्या.

"फोनला तार जोडायची नाही," रविंद्र म्हणाला. "रिसिव्हर या वाट्यांत ठेवायचा. आपलं मशीन शिट्टी वाजवतं, मुंबईचं मशीन ती ऐकतं. तासभर चालेल. फक्त आवाज करू नका."

ज्या साहेबांना काहीच कळलं नव्हतं, ते जास्त मान डोलवत होते.

नंबर लागला. रिसिव्हर वाट्यांत बसला. शिट्टी सुरू झाली. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटू लागली. भैय्याजींनी असं पाहिलं, जणू मुंबई त्यांनीच बांधली.

बाबनराव चपला न काढता आत आले. त्यांनी वाट्यांतून रिसिव्हर उपसला आणि फोनवर ठेवून दिला. पडद्यावर दोन-चार वेडीवाकडी अक्षरं आली, मग तीही थांबली.

"अहो, लाईन तोडली तुम्ही!" रविंद्र ओरडला.

साहेब एकमेकांकडे पाहून हसले. भैय्याजींना ते हसणं लागलं.

"काहून गा? डोकं फिरलं का तुझं?" ते म्हणाले. ते आता अरे-तुरेवर आले होते.

बाबनरावांनी फोनवरचा हात काढला नाही. "तासभर फोन अडकून राहीन म्हणते हा. तेवढ्यात कोणाचा फोन आला तर?"

"तुले कोणाचा येऊन राहिला? वरून बायकोचा?"

बैठक खदखदून हसली. साहेबही हसले. आपली बाजू सावरली म्हणून भैय्याजी सगळ्यांत जास्त हसले.

बाबनराव हसणं संपेपर्यंत थांबले.

"तिनं केला होता, भैय्याजी," ते म्हणाले. "दवाखान्यातून, गेली त्या दिवशी. नर्सनं दुपारभर हाच नंबर फिरवला, लागला नाही. मी इथं पायरीवरच बसून होतो. मंग तुमची झोप झाली आन् तुम्ही बाजूले काढून ठेवलेला रिसिव्हर परत जाग्यावर ठेवला. मी खिडकीतून पाहिलं."