कंटेनरबाहेरचा निरोप्या

बसा, जरा इकडं सरका, एक गोष्ट सांगतो. धुळ्याच्या बाहेर, हायवेला लागून अभिमनभाऊंचं केळी पिकवायचं गोदाम. भर दुपार. चार नंबरच्या खोलीपुढं, खोली तापली की फोनवर कळवणारा प्रोग्राम लिहिणारी स्नेहल क्रेटवर बसलेली, मांडीवर लॅपटॉप, अन् भाऊ तिच्या डोक्यावर उभे.

"मंगळवारी बठ्ठा, सगळा माल सडी गया, ताई. खोली तापली, अन् फोनवर मेसेज नही. मंग तुमचा प्रोग्राम काय कामाचा? आज चालला तर चालला, नाहीतर या वायरी काढा अन् घेऊन जा."

स्नेहलनं मान वर केली नाही. चूक सापडली होती, अन् ती तिचीच होती.

हे जावा भाषेतल्या प्रोग्रामचं काम असं असतं बघा. आत एक कारभारी असतो, त्याला म्हणतात कंटेनर. तो जी माणसं स्वतः उभी करतो, त्यांच्या हातात लागेल ते सामान आपणहून देतो. मागायचं काम नाही. पण खोलीची गरमी सांगणारा निरोप्या कारभाऱ्यानं उभा केलाच नव्हता. सेन्सरसोबत आलेला प्रोग्राम त्याला परस्पर जन्माला घालायचा. गरमी त्याला कळायची, पण मेसेज पाठवायचं सामान हातात नाही. पोरगी धरून चालली होती, की ते मिळालंच असेल.

पुण्याहून तिच्या साहेबांचा फोन आला. "सगळं नव्यानं लिही. त्यांच्याकडून आठवडा मागून घे."

"आठवडा नाही लागत, सर," म्हणाली, अन् फोन ठेवला.

भाऊ ऐकतच होते. "तो निरोप्या परका शे ना? मंग हाकला त्याला. घरचा ठेवा."

स्नेहलनं अंगणाकडं बोट केलं. निंबाखाली हमालांची पंगत बसली होती, वरण-बट्टी चाललेली. माल घेऊन आलेला पहूरचा ड्रायव्हर उखर्डू मात्र ट्रकमध्येच पाय पसरून होता. अन् भाऊंची आई, धुरपदाबाई, ताट घेऊन ट्रकपाशी उभी.

"उखर्डूभाऊ पंगतीत बसले नाहीत. हाकलता का त्यांना?"

"काय बोलता ताई! दारात आला तो आपला. बसला असेल तिथं ताट जाईल."

"तेच सांगते कारभाऱ्याला."

एकच ओळ लिहिली तिनं. निरोप्या जन्मला रे जन्मला, की कंटेनरला हाक: हा बाहेरचा आहे, पण याचं सामान याला दे. प्रोग्राम पुन्हा चालू केला.

"उघडा दार."

भाऊंनी कडी धरली, पण ओढली नाही. आत दोनशे क्रेट, बाहेर धुळ्याचं ऊन.

"अन् नाही वाजला तर?"

"उघडा तर."

दार उघडलं. झळ आत शिरली. लॅपटॉपवर गरमीचा आकडा चढला. अठरा, एकोणीस, वीस. भाऊंचा हात कडीवरच. एकविसाला त्यांच्या खिशातला फोन कडाडला. मग हमालांच्या मुकादमाचा. मग धुरपदाबाईच्या कमरेचा.

"बंद करा ना हे, ताई!"

"खोली गार होईस्तोवर ते बंद नाही होत, भाऊ. दार लावा."

तेव्हा एवढं ऐका माझं. कधी त्या रस्त्यानं गेलात, तर गंमत म्हणूनसुद्धा त्या चार नंबरच्या कडीला हात लावू नका. म्हातारी जेवत असते, अन् फोन तिच्या कमरेलाच.