कानशीखालचं नाव

नवरा गेल्यावरचे एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटोपले आणि त्सुनेकोबाई त्याची तलवार घेऊन ओसाफुने गावातल्या हिराओकांकडे आल्या. जुन्या तलवारी पारखण्यात हिराओकांचा शब्द शेवटचा मानत.

"गुरुजी, अकरा वर्षांपूर्वी तुम्ही हिच्या मुठीआड कोरलेली लोहाराची सही खोटी म्हणालात. जेवायची घाई होती तुम्हाला."

हिराओकांनी तलवार पुढ्यात ओढून घेतली. सही खरी होती, हे पुढच्याच वर्षी त्याच लोहाराची दुसरी तलवार पाहताना त्यांना कळलं होतं. पण सांगायला तोंड उघडलं नव्हतं.

"खोटं नाव घरात नको, म्हणून ह्यांनी त्याच दिवशी ते कानशीने घासून काढलं. सकाळी बघतात तर परत होतं. मरेपर्यंत घासत राहिले. म्हणायचे, गुरुजी खोटं म्हणाले ना, मग जात का नाही?"

हिराओकांनी बांबूची मेख ठोकून काढली आणि मूठ उतरवली. मुठीत दडणारं लोखंड घासून घासून कागदासारखं झालं होतं. नाव मात्र पहिल्याइतकंच खोल होतं, एवढ्या पातळ लोखंडात मावू नये इतकं.

"मला किंमत नको," बाई म्हणाल्या. "खरं की खोटं, तेवढं सांगा."

हिराओकांनी चटईला कपाळ टेकवलं. "खरं आहे, वहिनी. तेव्हाही खरंच होतं. त्यांच्या हयातीत सांगायला हवं होतं मी."

"दाखवा मला."

शेवटच्या अक्षराची वाकडी रेघ दाखवायला त्यांनी बोट टेकवलं. बोटाखाली अक्षर नव्हतं. लोखंड गुळगुळीत होतं, आणि नुकतीच कानस फिरवल्यासारखं गरम.