तीन हाका

गाडीला टेप बसवावा तर महेंद्रनंच, असं सत्त्याण्णव साली सगळं राहुरी म्हणायचं. कंपनीचे बारके स्पीकर काढून मोठे स्पीकर आणि बुफर बसवले, की तो मालकाला आत बसवायचा, काचा वर करायला लावायचा, गाणं मोठं करायचा आणि गाडीमागं उभा राहून मालकाच्या नावानं तीन हाका मारायचा. मालकानं मान वळवली नाही, की काम पास.

मच्छिंद्रची व्हॅनही अशीच पास झाली होती. महिन्याभरानं तो ती घेऊन परत आला. दाढी वाढलेली.

"आवाज कमी पडतोय का?" महेंद्रनं विचारलं.

"न्हाई. ती हाकांची परीक्षा परत घ्या. पण उभं राहून नको, मागच्या चाकापाशी बसून हाका मारा. अन् माझं नाव नको, पप्पा म्हणा."

महेंद्रला हसू आलं. पण गिऱ्हाईकाचं मन मोडायचं नाही, म्हणून तो चाकापाशी उकिडवा बसला आणि घसा ताणून तीनदा "पप्पा" ओरडला. मच्छिंद्रची मान हलली नाही.

"पास," म्हणत महेंद्र पुढं आला.

मच्छिंद्रनं टेप बंद केला, काच खाली घेतली. "मारल्या हाका?"

"तीन. चांगल्या खच्चून."

मच्छिंद्रनं गाडीची किल्ली काढून घेतली.

"गाडी मागं घेत हुतो. पोरगी चाकाखाली जायच्या आधी पप्पा, पप्पा करीत हुती, असं बायको सांगत हुती. मी तिलाच खोट्यात काढलं."